हंसपद

वडिलांचं चित्र काढलं तेव्हा चित्रकाराने
त्यांच्या हाताखाली एक कागद रंगवला, कोरा.
मी म्हटलं, निदान दोन ओळी तरी काढा त्यावर.
तो म्हणाला, नको बाई,
लोक जवळ येऊन वाचतात.

सिनेटर एल्नेथन रुड. डेलावेअरचा काठ.
सोळाव्या वर्षी जमीन मोजणाऱ्याच्या हाताखाली,
विसाव्या वर्षी स्वतःची साखळी,
शंभर कड्यांची, दर दहावर पितळी खूण.
तिचं पुढचं टोक प्राइमस धरायचा.
तोही विशीचाच. आजोबांनी मळ्यासकट घेतलेला,
यादीत नांगराच्या खाली
आणि तांबड्या गायीच्या वर.

दोघांनी मिळून अख्खा परगणा मोजला.
दलदलीत कमरेएवढ्या पाण्यात हा उभा,
नकाशाच्या कोपऱ्यात सही त्यांची.

मग वकिली. मग राजाच्या करांविरुद्ध पत्रकं.
मग युद्ध: सैन्याला पीठ पुरवलं,
बदल्यात पोतंभर कागदी नोटा आल्या,
त्यांनी आम्ही पुढे खिडक्यांच्या फटी बुजवल्या.
हे ते हसत सांगायचे.
एवढं एकच हसत सांगायचे.

चाळिशीत त्यांचा हात कापू लागला
आणि त्यांचं अक्षर म्हणजे मी झाले.
अकरा वर्षांची.
स्वातंत्र्यावरचं प्रत्येक भाषण माझ्या बोटांतून गेलं,
कलहंसाच्या पिसाने, ओकच्या गाठींच्या शाईने,
आणि मधल्या बोटाला घट्टा पडला, तो अजून आहे.

राज्याच्या घटनेचा मसुदा आमच्या जेवणाच्या टेबलावर झाला.
भर उन्हाळा, खिडक्या बंद, मेणबत्त्या वाकलेल्या.
वाक्य असं होतं:
प्रत्येक माणूस जन्मतः मुक्त आहे.
वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले,
टेम्परन्स, ‘प्रत्येक’च्या पुढे एक हंसपद दे,
आणि वर लिही: गोरा.

मी लिहिलं.
सतरा वर्षांची होते, अक्षर सुंदर होतं.
शाई वाळावी म्हणून वर वाळू भुरभुरली.
प्राइमस दारात उभा होता, हातात पाण्याची सुरई.
त्याला वाचता येत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढच्या अधिवेशनात बघू, ते मला म्हणायचे.
अधिवेशनं आली, गेली. दोनदा सिनेट,
एकदा राज्यपालपद थोडक्यात हुकलं,
पायात संधिवात, घोड्याऐवजी बग्गी,
बग्गीऐवजी आरामखुर्ची.
रस्त्याला त्यांचं नाव दिलं. तो रस्ता नदीपाशी संपतो.

मृत्युपत्र मी लिहिलं नव्हतं. ते वकिलाकडून करून घेतलेलं.
‘माझी कन्या हयात असेतो प्राइमसने तिची सेवा करावी.
तिच्या पश्चात तो मुक्त.’
म्हणजे माझा खोकला बरा झाला
की त्याचं एक वर्ष वाढणार.
त्या हिवाळ्यात मला फार वेळा वाटलं,
हा माणूस माझ्यासाठी
औषध कसा काय उकळत असेल?

मार्चमध्ये मी मुक्तिपत्र लिहिलं. साक्षीला दोन शेजारी.
यात थोरपणा शोधू नका,
मला बेचाळीस वर्षं लागली.
प्राइमसने कागद खिडकीपाशी नेला
आणि वाचला.
ओठ न हलवता, सवय असलेल्या माणसासारखा.
मग माझ्या हातून लेखणी घेतली,
आपल्या नावापुढे एक बारकं हंसपद दिलं
आणि वर लिहिलं: फॅनीचा मुलगा.
फॅनी कोण, मी विचारलं.
त्याने उत्तर दिलं नाही. ते बरोबरच होतं.

जाताना साखळी घेऊन जा म्हटलं, आठवण म्हणून.
राहू द्या, म्हणाला. मोजून बघा कधीतरी.

दुपारी अंगणात पसरून मोजली. दोनदा.
नव्व्याण्णव.
सांधा इतका सफाईने जुळवलेला
की नखालाही लागू नये,
आणि झिजलेला, चाळीस-पन्नास वर्षांचा जुना.

दर साखळीमागे वीतभर.
चर्चची हद्द, न्यायालयाची, आमचं कुंपण,
वडिलांच्या सहीचा एकूण एक नकाशा.
मी उंबऱ्यावर बसले.
समोर त्यांचा रस्ता सरळ नदीकडे जात होता,
असावा तेवढा लांब नसलेला.